नखावरचा ठिपका

त्या संध्याकाळी माझ्या अंगठ्याच्या नखावर एक काळा ठिपका चिकटला होता. तांदळाच्या कणीएवढा. मी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले होते, कोपर काठच्या दगडावर टेकलेलं, डोळे अर्धे मिटलेले. वाटलं, माती असेल, नाहीतर कुजलेल्या पानाचा कण. दुसऱ्या हाताने टिचकी मारली आणि उडवून दिला. कुठे पडला तेही पाहिलं नाही. बहुतेक मागच्या लाकडी फळ्यांवर. पुन्हा डोळे मिटले. दोन दिवसांच्या प्रवासाने आंबलेली पाठ त्या पाण्यात हळूहळू सैल होत होती आणि त्या क्षणी मला दुसऱ्या कशाचंही भान नव्हतं.

तासाभराने कपडे बदलून, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून आम्ही तिघं परत निघालो. वाटेत माहितीचा एक फलक आहे. लेक पुढे होती, ती तिथे थांबली. "आई, इकडे ये. हे वाच." फलकावर एका गोगलगायीबद्दल लिहिलं होतं. लांबी एक सेंटिमीटरही नाही, रंग काळपट, गरम पाण्याच्या अगदी काठाला राहते. हॉटवॉटर फायझा तिचं नाव. आणि ती जगात फक्त इथे सापडते. या एका झऱ्यात, या काठांवर. लेक वळून माझ्याकडे बघायला लागली. आवाजात आरोप नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तू मघाशी काय उडवलंस गं?"

"बी असेल कसलंतरी," नवरा म्हणाला.

असेलही. पण मला तेव्हाही ते पटलं नाही आणि आज इतक्या महिन्यांनीही पटत नाही.

आम्ही राहतो कॅनडात, एडमंटनला. तिथून लीआर्ड रिव्हर हॉट स्प्रिंग्ज, म्हणजे हे गरम पाण्याचे झरे, काही शनिवार-रविवारचं ठिकाण नाही. पहिल्या दिवशी डॉसन क्रीकपर्यंत पोचायचं, तिथून अलास्का हायवे सुरू होतो. मग फोर्ट नेल्सन, आणि त्यानंतर तीनशेएक किलोमीटर असा रस्ता, की पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्यायचं आणि मोबाईल खुशाल विसरून जायचं. रस्ता रॉकीजच्या उत्तरेकडच्या टोकाला चढतो, उतरतो. मंचो तळ्याचं पाणी इतकं हिरवंनिळं की लेकीने काच खाली करून मान बाहेर काढली होती. पुढे रस्त्याच्या कडेला रानगवे निवांत चरत होते, गाडी थांबली तरी त्यांनी मान वर केली नाही. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, पण पॉपलरच्या एखाद्या फांदीवर पिवळी झाक आलेलीच. लीआर्ड हे नदीचं नावही त्याच झाडावरून पडलेलं, फ्रेंच भाषेतलं. फ्रेंच बोलणारे फरचे व्यापारी इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून हा कास्का डेने लोकांचा मुलूख. हे पाणी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तंबू ठोकेपर्यंत चार वाजले. एकोणसाठ अंश उत्तरेला ऑगस्टमधली संध्याकाळ सावकाश येते, घाई नसते. या भागात अस्वलं आहेत. ती गोष्ट नुसती ऐकीव नाही, १९९७ च्या ऑगस्टमध्ये याच झऱ्यांपाशी अस्वलाच्या हल्ल्यात दोन माणसं गेली. वरच्या अंगाला आणखी एक कुंड आहे, ते अस्वलांच्या वावरामुळे लोकांसाठी बंद केलेलं. त्यामुळे इथे स्वयंपाक म्हणजे एक शिस्त असते. अन्नाचा कण मागे ठेवायचा नाही, दंतमंजनसुद्धा तंबूत न ठेवता गाडीत कुलूपबंद. कचरापेटीचं झाकण असं, की आत हात घालून खटका दाबल्याशिवाय उघडत नाही, आणि तो खटका अस्वलाच्या पंजाला दाबता येत नाही. फोडणीचा घमघमाट रानभर जायला नको म्हणून मी घरून मेतकूट आणलं होतं. स्टोव्हवर मऊ भात, वर मेतकूट, तुपाचा गोळा. थंडी अंगात शिरायला लागली होती, ताटलीतून वाफ वर जात होती आणि समोर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांची काळीशार भिंत. इतक्या लांब येऊन मेतकूट-भात खाताना मला उगीचच भरून आलं. मग टॉवेल घेतले आणि निघालो.

कुंडापर्यंत जायला लाकडी फळ्यांची वाट आहे, सातशे मीटर तरी असेल. दोन्ही बाजूंना दलदल, आणि ही दलदल गरम. त्या मुलखात हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत जातो, तरी हे पाणी गोठत नाही. वाटेत वाकून पाहिलं तर शेवाळाच्या दोऱ्यांमधून बोटभर लांबीचे मासे सुळकन जात होते. मूस नावाची थोराड हरणं इथे चरायला येतात. या उबेच्या आधाराने काही झाडं इथे टिकून आहेत, जी एरवी इतक्या उत्तरेला तग धरणार नाहीत. नेच्यांची पानं तर आपल्याकडच्या श्रावणातल्यासारखी रुंद. पूर्वी या जागेला ट्रॉपिकल व्हॅली म्हणत. फळ्यांवर आमच्या पावलांचा पोकळ टप टप आवाज, आणि नाकात तो वास आला. उकडलेल्या अंड्याचा, ओल्या गंजाचा, जुन्या विहिरीचा. लेकीने नाक मुरडलं. मी थबकले. चाळीस वर्षांपूर्वीचं तुरळ माझ्या नाकात शिरलं होतं.

तुरळ म्हणजे संगमेश्वर तालुक्यातलं. आजीचं माहेर तिथून जवळ. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्यांना तिथली गरम पाण्याची कुंडं माहीत असतील. मे महिन्यात आम्ही मुलं आजीबरोबर जायचो. मे महिन्यात, कोकणात, गरम पाण्याने अंघोळ! पण आजीच्या गुडघ्यांना ते पाणी मानवायचं आणि तिला सोबत हवी असायची. तिथलं पाणी साठ अंशांच्या आसपास असतं, एकदम अंगावर घेता येत नाही. आजी आधी काठाशी बसायची. लुगड्याचा काष्टा आवरायची. मग चार बोटं पाण्याला लावून कपाळाला लावायची आणि पुटपुटायची, "पाय लागतो गो बाय, राग धरू नको." मग पाय. आम्ही कधी धावत जाऊन आधी पाय बुडवला, तर पाठीत धपाटा बसायचा. "हात लाव आधी. कुणाच्या घरात असा शिरतोस काय?"

घर हा शब्द ती सहज वापरायची. कुणाचं घर, हे मी कधी विचारलं नाही. देवीचं म्हणत असेल, असं मी धरून चालले होते. आपल्याकडे गरम पाणी आलं की देव आलाच. वज्रेश्वरीला, गणेशपुरीला, उन्हवऱ्याला, राजापूरजवळच्या उन्हाळ्याला, सगळीकडे पाण्याशेजारी देऊळ नाहीतर एखादं पवित्र ठिकाण असतंच. गावाची नावंसुद्धा पाण्याने दिलेली, उन्हाळे आणि उन्हवरे. ऊन पाणी म्हणजे कढत पाणी, हे माझ्या लेकीला समजावून सांगावं लागलं. तिच्या लेखी ऊन म्हणजे फक्त सूर्याचं.

लीआर्डचं पाणी बेचाळीस ते बावन्न अंश. वरच्या टोकाला, जिथे ते जमिनीतून येतं, तिथे जेमतेम दोन मिनिटं उभं राहता येतं. पिंढऱ्यांना सुया टोचल्यासारखं होतं. जसजसं खाली सरकावं तसं पाणी मवाळ होत जातं. प्रत्येक माणूस आपापली जागा शोधतो आणि तिथे गप्प बसतो. तळाला बारीक खडी आहे, ती तळव्यांना टोचत नाही, कुरवाळते. हवा पाच-सहा अंशांवर आलेली, त्यामुळे वाफ पाण्यावरून उठून झाडांत अडकत होती. केस वरून थंड, ओले, मान ऊबदार. आमच्या शेजारी एक ट्रक चालवणारे गृहस्थ होते, व्हाइटहॉर्सहून निघालेले, ते म्हणाले की गेली वीस वर्षं प्रत्येक खेपेला ते इथे थांबतात. एवढंच बोलले. त्या पाण्यात जास्त बोलावंसं कुणालाच वाटत नाही.

इथे ज्वालामुखी नाही. कोकणातही आता नाही. पावसाचं, बर्फाचं पाणी खडकांतल्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. तुरळला ते काळ्या बेसॉल्टमधून येतं, इथे चुनखडकातून, म्हणून इथल्या पाण्याने वरच्या उतारावर चुन्याचे पायरीपायरीचे थर साचवलेत आणि त्यावर वेली-नेचे वाढलेत. आजीला हे कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग तेच तर. आतून येतं ते.

तर मी अशी बसले होते, आणि ती टिचकी.

रात्री झोप आली नाही. फलकावर जेवढं होतं त्यापेक्षा जास्त माहिती मी पुढे घरी येऊन वाचली, पण त्या रात्रीसुद्धा पुरेसं समजलं होतं. ही गोगलगाय पाण्याच्या रेषेला धरून राहते, काठावरच्या दगडांना आणि शेवाळाला चिकटून, पाणी जिथे हवेला भेटतं तिथे. अगदी उगमाचं पाणी तिला सोसत नाही, गार पाण्यात ती जाऊ शकत नाही. म्हणजे तिची सारी दुनिया काठाची एक बारीक किनार, लुगड्याच्या काठासारखी. आणि मी कोपर टेकवून बसले होते ती नेमकी तीच किनार. ती हवेत श्वास घेते, तिला कल्ले नसतात, हे मला माहीत होतं. शाळेत जीवशास्त्र शिकवत होते मी काही वर्षं. म्हणजे फळीवर पडली असेल तर लगेच गुदमरली नसेल. हळूहळू वाळली असेल. हा विचार आला आणि मी उठून बसले. टॉर्च हातात घेतला. नवऱ्याने अंधारातच माझा हात धरला. "आत्ता नाही. अस्वलं आहेत. सकाळी जाऊ." त्याचं बरोबर होतं. बाहेर पाच अंश, आणि सातशे मीटरवर एक कणीएवढा जीव, असलाच तर. मी स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि कानोसा घेत पडून राहिले. लांबवर हायवेवरून एखादा ट्रक गेला की आवाज कितीतरी वेळ दरीत राहायचा.

हा हायवे १९४२ मध्ये अमेरिकन लष्कराने मार्च ते ऑक्टोबर एवढ्या काळात रानातून काढला. पर्ल हार्बरनंतर अलास्काला खुष्कीची वाट हवी होती म्हणून. दहा हजारांहून अधिक सैनिक, त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय पलटणींमधले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी दक्षिणेच्या उबेबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. डास, चिखल, मग बर्फ. या झऱ्यापर्यंतची पहिली फळ्यांची वाट त्यांच्याच लष्कराने टाकली. मी त्या रात्री त्यांचा विचार करत होते. महिनोन्‌महिने अंगाला गरम पाणी नाही आणि एक दिवस रानात वाफ दिसते. कुणीतरी पहिल्यांदा बूट काढले असतील. ते पाण्यात पडले असतील आणि रडलेही असतील. काठावर काय राहतं हे बघायची त्यांना सवड नव्हती, आणि मी त्यांना कधीच दोष देणार नाही. त्या गोगलगायीला शास्त्रीय नाव मिळालं ते १९८५ मध्ये. तोवर ती निनावीच होती आणि तरीही होती. कॅनडाने आता तिला संकटग्रस्त म्हणून नोंदवलंय. म्हणूनच त्या पाण्यात साबण, शाम्पू काही न्यायचं नाही.

आणि मला आपल्याकडचं एक कुंड आठवलं. गावाचं नाव सांगत नाही. लहानपणी त्याला काळ्या दगडाचा काठ होता, दगडांच्या सांध्यांत हिरवं मखमली शेवाळ, त्यावर पाय घसरायचा. पाच-सहा वर्षांपूर्वी गेले तेव्हा आतून-बाहेरून फरशी बसवलेली होती, निळी-पांढरी. दर आठवड्याला पाणी उपसून ब्लीचिंग पावडरने काठ घासतात, असं तिथल्या माणसाने अभिमानाने सांगितलं. मीही म्हटलं, छान, स्वच्छ ठेवलंय हो. मनापासून म्हटलं होतं. आजीला घेऊन तिथे जाताना तिचा पाय घसरेल म्हणून माझा जीव किती वेळा टांगणीला लागला होता, ते मला विसरता येत नाही. फरशी बसवली ती म्हाताऱ्या माणसांसाठीच. पण त्या शेवाळात कोण राहत होतं? आपल्या कोकणातल्या त्या ऊन पाण्याच्या काठांना, दगडांच्या सांध्यांत, असंच कुणीतरी हजारो वर्षं एकटं राहत असेल, फक्त तिथलंच, आणि आपण त्याला नाव द्यायच्या आत त्याच्यावर ब्लीचिंग पावडर ओतली असेल, तर? मला याचं उत्तर माहीत नाही. इथे कुणीतरी गुडघ्यावर बसून काठ बघितला, म्हणून इथलं उत्तर आहे. एवढाच फरक, आणि तो मला फार मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट त्या रात्री नाही, पुढे घरी वाचताना कळली. फायझा जातीच्या गोगलगायींचा शंख उलट्या दिशेने वळलेला असतो. बहुतेक गोगलगायी, बहुतेक शंख एकाच बाजूला वळतात, या दुसऱ्या. आमच्या आजोबांच्या देवघरात साधा शंख होता, चारचौघांच्या घरी असतो तसा. पूजेनंतर तो पुसून ठेवताना ते नेहमी उजव्या शंखाबद्दल बोलायचे. लाखात एक सापडतो, ज्याच्या घरी असतो तिथे लक्ष्मी नांदते, अमक्या संस्थानिकांच्या देव्हाऱ्यात त्यांनी लांबून पाहिला होता. उजवा म्हणजे दक्षिणावर्ती. शास्त्रज्ञ शंख उलटा धरून मोजतात, म्हणून त्यांच्या भाषेत तोच डावा ठरतो. म्हणजे फायझाचं वळण तेच. आजोबांना आयुष्यभर जे बघायला मिळालं नाही, त्या वळणाचे शंख, प्रत्येक एक, बाळाच्या नखाएवढा, पाठीवर घेऊन तो जीव त्या काठावर चालतो. मी वाचत होते आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.

सकाळी सहाला आम्ही निघालो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. वाटेवर दवाने फळ्या काळ्या झालेल्या, मी लेकीचा हात धरला होता की तिने माझा, सांगता येत नाही. बेअर स्प्रे नवऱ्याच्या कमरेला, आणि अस्वलाला माणसांची चाहूल लागावी म्हणून आम्ही मोठ्याने बोलत चाललो होतो. लेकीने पाढे म्हणायला सुरुवात केली, कारण दुसरं काही सुचेना. एकोणीसचा पाढा वाफेत विरत गेला.

कुंडावर कुणी नव्हतं. मी आदल्या दिवशीची जागा शोधली. फळ्यांवर ओणवी झाले आणि टॉर्चच्या उजेडात फटी न्‌ फटी बघितली. दवाचे थेंब, स्प्रूसच्या सुया, कुणाच्या तरी टॉवेलचा गुलाबी धागा. दोन काळे ठिपके सापडले, दोन्ही मातीचे, बोटाने दाबल्यावर चुरा झाला. मग मी आडवी पडून फळीच्या कडेवरून मान खाली केली आणि पाण्याच्या रेषेकडे पाहिलं. हात लावला नाही. बराच वेळ नुसते दगड दिसले, ओले, शेवाळलेले. मग नजर बसली. एका दगडाच्या कडेवर, पाण्याच्या पातळ थराखाली, एक काळा ठिपका होता आणि तो हलत होता. दोन मोहरीच्या दाण्यांना पुरेल एवढी जागा पार करायला त्याने मिनिटभर घेतलं. पुढे दोन शिंगं, केसाहून बारीक, चाचपडणारी. मागे शेवाळावर त्याने जिथे खाल्लं होतं तिथे एक फिकट रेघ. मग दुसरा दिसला, मग चौथा, पाचवा. लेक माझ्या शेजारी पालथी पडली होती. तिची हनुवटी फळीवर टेकलेली. "किती आहेत गं," ती कुजबुजली. पुरेसे आहेत की थोडे आहेत, हे तिच्या आवाजावरून कळत नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं.

माझी तिथे होती की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

ऊन झाडांच्या शेंड्यांना लागलं तेव्हा इतर लोक यायला लागले. नवऱ्याने विचारलं, जायचंय का पाण्यात? मला वाटलं होतं मी नाही म्हणेन. पण गारठ्याने बोटं ताठरली होती, आणि ते पाणी समोर होतं, वाफाळतं, चाळीस वर्षांच्या वासासकट. मी पायऱ्यांवर बसले. चार बोटं पाण्याला लावली, कपाळाला लावली, आजीचे शब्द म्हटले. लेकीनेही केलं, न विचारता. मग आम्ही काठापासून लांब, मधोमध जाऊन बसलो, पाठीला कशाचाही आधार न घेता.

निघायच्या आधी मी दोन्ही हात पाण्यावर धरले आणि एकेक नख पाहिलं. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मनगट पाहिलं. अंगठी फिरवून तिच्या खालीही पाहिलं. कोपर मला दिसेना, ते लेकीने पाहिलं, टॉर्च लावून. "काही नाहीये, आई," ती म्हणाली. मग उठलो.